परसबाग घागरीने मोजावी

बीड जिल्ह्यात परसबागेचा विषय निघाला की जागेचा विचार प्रथम केला जातो, ही मूळ चूक होय. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत माणसाजवळ नळाचे पाणी असते आणि जमीन नसते. म्हणून तेथे भिंतीवर, गच्चीवर, एकावर एक रचलेल्या कुंड्यांत भाजी लावण्याची रीत वाढीस लागली. बालाघाटच्या डोंगररांगेवरील पाटोदा, आष्टी, धारूर या भागांत स्थिती नेमकी उलट आहे. घरापुढे किंवा घरामागे चार हात मोकळी जागा बहुतेकांस असते. नसते ते पाणी. तरीही उभ्या परसबागेची गरज बीडला शहरापेक्षा अधिक आहे. मात्र ती कोणत्या कारणासाठी आहे हे ध्यानी न घेता तिचा प्रसार सुरू झाला, तर शहरातील एक खेळणे खेड्यात आणून ठेवल्यासारखे होईल.

उभी परसबाग ही काही नवी वस्तू नाही. मोरीच्या पाण्यावर दोडक्याचा किंवा घोसाळ्याचा वेल लावून तो अंगणातील मांडवावर चढविणे, गोठ्याच्या कुडावर वालाची वेल सोडणे, माळवदावर डांगर पसरू देणे, हे मराठवाड्यातील गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे. नागवेलीचा पानमळा हे तर उभ्या लागवडीचे अत्यंत परिपक्व रूप होय. शेवगा, शेवरी, पांगारा, हादगा यांच्या जिवंत खोडांवर वेल चढवावयाचा, त्यांच्याच सावलीत त्यास उन्हापासून राखावयाचे आणि थोड्या जमिनीत कित्येक पट पान घ्यावयाचे, ही विद्या महाराष्ट्रातील पानमळेवाल्यांजवळ फार पूर्वीपासून आहे. पुढे सिमेंटची घरे आली, मोरीचे पाणी गटारात गेले, माळवदाच्या जागी पत्रे आले आणि मांडव मोडला. त्याबरोबर दोन महिने घरची भाजी पुरविणारा वेलही गेला. आज त्याच घरात आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी भरून भाजी येते. ती तीन दिवसांत संपते. उरलेले चार दिवस भाकरीबरोबर पिठले, डाळ किंवा ठेचा असतो.

या चार दिवसांची किंमत लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांच्या अंगी रक्ताची कमतरता आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि एकट्या पालकाने तो नाहीसा होणार नाही, हे खरे. तथापि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसास दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि त्यांत हिरव्या पालेभाज्यांचा पुरेसा वाटा असावा असे सांगितले आहे, आणि ज्या घरात आठवड्यातील चार दिवस पालेभाजीचे पानही दिसत नाही ते घर या मर्यादेपासून फार दूर आहे. उभी परसबाग घरची सगळी भाजी पुरवील असे जो कोणी सांगतो तो लोकांची फसवणूक करतो. पाच माणसांच्या कुटुंबास दिवसाकाठी दीड-दोन किलो भाजी लागेल; तेवढी भाजी दाराशी टांगलेल्या डब्यांतून निघत नाही. ती पालेभाजीचा आणि चवीच्या हिरव्या जिन्नसांचा वाटा मात्र खात्रीने देऊ शकते, आणि बीडमधील ताटात उणीव नेमकी त्याचीच आहे.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एवढे एक परिमाण गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. हिरवी भाजी भर वाढीत असता दिवसास सुमारे पाच मिलिमीटर पाणी घेते. उन्हाळ्यात याहून अधिक. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्याच्या परसबागेस रोज ५०० लिटर पाणी लागले. उलट बाजूस घरात येणारे पाणी किती? ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांस ते २७५ लिटर होते. टंचाईच्या दिवसांत टँकरने दरडोई २० लिटर पाणी देण्याचा प्रघात आहे; म्हणजे सबंध घरास १०० लिटर. या शंभर लिटरांत पिणे, स्वयंपाक, स्नान, भांडी, जनावर, सगळे आले. अशा घरी जाऊन एका गुंठ्याची परसबाग आखून देणे ही थट्टा होय.

आणि हे दिवस अपवादाचे नाहीत. जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतच आहे, आणि पश्चिमेकडील आष्टी-पाटोदा हा भाग पर्जन्यछायेत मोडतो. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे; २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ तरुणांनीही पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या मांजरा धरणावर ते शहर विसंबून होते, ते याच जिल्ह्यात केज तालुक्यातील धनेगाव येथे आहे, आणि त्या वर्षी ते कोरडे पडले होते.

तेव्हा बीडमध्ये परसबागेचे आकारमान गुंठ्यावर ठरविता येत नाही. ते घागरीवर ठरवावे लागते. टंचाईतील शंभर लिटरांपैकी धान्य-भाजी धुतलेले, हात-पाय धुतलेले आणि भांडी विसळलेले असे फार तर चोवीस-पंचवीस लिटर पाणी पुन्हा हाती लागेल. बारा लिटरांची घागर धरली तर त्या दोन घागरी झाल्या. जेथे नळाचे ५५ लिटर खरोखर मिळतात तेथे स्नानाचे पाणी धरून अशा सहा घागरी मिळू शकतील. सगळी आखणी या दोन किंवा सहा घागरींत बसली पाहिजे. बागेसाठी म्हणून घरातील स्त्रीस किंवा मुलीस एक जरी खेप अधिक घालावी लागली, तरी ती परसबाग त्या घराच्या हिताची राहिली नाही असे समजावे. पाणी वाहणारे डोके कोणाचे आहे, याचा विचार परसबागेच्या पुष्कळशा आराखड्यांत केलेला नसतो.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. उभी बाग पाणी वाचविते, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पान जितके पसरेल तितके पाणी ते उडविणारच. त्यास आडवे लावले काय आणि उभे लावले काय, त्यात फसवाफसवी चालत नाही. अडीच चौरस मीटर मांडव भरून टाकणारा वेल उन्हाळ्यात रोज एक घागर पितो. एवढेच नव्हे, तर भिंतीवर टांगलेल्या लहान डब्यातील माती चहूबाजूंनी तापते आणि वैशाखातील वाऱ्याने वाफ्यापेक्षा लवकर सुकते. पश्चिमेकडील भिंतीवर पत्र्याचे डबे टांगून त्यात मे महिन्यात कोथिंबीर लावणाऱ्याच्या पदरी निराशेवाचून काही येत नाही. मग लाभ तो कोणता? लाभ हा की, मुळापाशी जे पाणी घातले ते मुळापाशीच राहते. सपाट वाफ्यातील मोकळ्या मातीवरून जे उडून जाते, बांधातून जे पाझरते, तणांनी जे प्यावे, ते येथे वाचते. दुसरे असे की, बाग मोरीजवळ, पाणी सांडते तेथेच उभी करता येते. पाणी बागेकडे वाहून न्यावे लागत नाही. तिसरा लाभ सावलीचा. हा सर्वांत मोठा असूनही त्याची गणना क्वचितच होते.

म्हणून बीडच्या उभ्या बागेत मांडवास पहिले स्थान द्यावे; पोती, डबे, कुंड्या त्याच्या आश्रयाने असाव्यात. मोरीच्या पाण्याच्या तोंडाशी हातभर लांब, हातभर रुंद आणि तितकाच खोल खड्डा करून तो कुजलेल्या शेणखताने व पोयट्याने भरावा. जून महिन्यात पाऊस पडून वापसा येताच दोडका, कारले किंवा दुधी भोपळा यांचे तीन-चार बी टोचावे आणि उगवल्यावर एकच जोमदार रोप राखावे. वेल मांडवापर्यंत पोचेतो बगलफुटी काढून एकच खोड सरळ वर न्यावे. मांडवावर पोचल्यावर शेंडा खुडावा म्हणजे फांद्या चहूकडे पसरतात. मांडवाची उंची माणसाच्या डोक्याहून थोडी अधिक, सुमारे सहा फूट असावी. पत्र्याच्या घरावर वेल थेट चढवू नये. तापलेल्या पत्र्याने कोवळे शेंडे भाजतात. पत्र्याच्या वर हातभर अंतरावर तुराट्यांची किंवा बांबूची ताटी बांधून तिच्यावर वेल सोडला, तर तोही जगतो आणि खालची खोलीही निवते. ताटीसाठी तुराट्याच घ्याव्यात. पऱ्हाट्या सहज मिळतात हे खरे. परंतु कपाशीच्या साठविलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि परसबागेसाठी शेतातील कपाशीस धोका उत्पन्न करण्यात शहाणपण नाही.

वेलास आरंभी नुसती नरफुले येतात आणि गळतात. पुष्कळ घरी याच वेळी वेल वांझ आहे असे म्हणून तो उपटला जातो. आठ-पंधरा दिवस धीर धरावा; पाठीमागे बारीक फळ असलेली मादीफुले त्यानंतर येतात. एकट्या-दुकट्या वेलावर मधमाश्यांचा फेरा कमी असतो, तेव्हा नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलास हाताने लावावेत. दुधी आणि दोडका यांची फुले सायंकाळी उमलतात, कारल्याची सकाळी. त्या त्या वेळी हे काम केले पाहिजे. फळमाशीने डंख केलेली फळे वाकडी होऊन सडतात. अशी फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत, आणि चार-सहा घरांनी मिळून क्यू ल्युरचा सापळा लावावा.

या मांडवाखाली जी अर्धी सावली मिळते, ती बीडच्या उन्हात सोन्याच्या मोलाची आहे. पोती मांडावयाची ती तेथे. धान्याचे पन्नास किलोचे पोते भरून उभे केले तर ते सुमारे दोन फूट उंच राहते. त्याच्या तोंडाची जागा जेमतेम दीड चौरस फूट. परंतु त्याच्या अंगाची जागा आठ चौरस फुटांहून अधिक भरते. वाफ्यात ही आठ फूट जागा जमिनीवर लागली असती; येथे ती उभी झाली. केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा या दाट झोपडवस्तीत २००८ साली सॉलिदारिते या फ्रेंच संस्थेने हीच पोत्यांची लागवड घरोघर नेली, आणि सुकुमा नावाची कोबीच्या जातीची पालेभाजी लोकांनी दारात पिकविली. तेथे प्रश्न जागेचा होता. बीडमध्ये त्याच पोत्याकडे पाणी न सांडणारे भांडे म्हणून पाहावे.

पोते भरण्यात बहुतेकांची चूक होते ती अशी की, शेतातील काळी माती तशीच ठासून भरली जाते. ती पाणी पिऊन फुगते, सुकल्यावर दगडासारखी घट्ट होते आणि बाजूने भेगा पडून पाणी खाली निघून जाते. एक हिस्सा माती, एक हिस्सा चांगले कुजलेले शेणखत आणि एक हिस्सा वाळू किंवा बारीक केलेले, अर्धवट कुजलेले पाचट असे मिश्रण करावे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे अनेक वर्षे हेच शिकविले की, थोड्या मातीत कुजलेला पालापाचोळा आणि उसाचे चिपाड मिसळून घरच्या घरी उत्तम लागवडीचे माध्यम तयार करता येते. आणि पिकाचा हिशेब जमिनीच्या क्षेत्रावर करण्यापेक्षा उन्हात पसरलेल्या पानांच्या क्षेत्रावर करावा. मुंबईत तत्कालीन पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून जी बाग उभी राहिली, ती याच विचाराचे फळ होय. बीडमधील कारखान्यांचे चिपाड बॉयलरात जाते, ते शेतकऱ्यास मिळणे कठीण. पण फडात जाळले जाणारे पाचट मात्र मागितले तर फुकट मिळेल.

पोत्याच्या मधोमध पाणी मुरण्यासाठी खड्यांचा खांब करावा. दोन्ही तोंडे कापलेला एखादा डबा मध्ये उभा ठेवून त्यात खडे भरावेत आणि भोवती माती. माती चढेल तसा डबा वर ओढीत जावा. शेवटी डबा काढून घेतला म्हणजे मध्ये खड्यांचा खांब राहतो, आणि वरून घातलेले पाणी तळापर्यंत सर्व थरांना मिळते. हा खांब नसेल तर वरची माती चिखल होते व खालची रोपे तहानेने मरतात. पोत्याच्या अंगास वीतभर अंतरावर, एकाखाली एक न येतील अशी भोके पाडून त्यांत पालक, चुका, राजगिरा, मायाळू यांची रोपे लावावीत. मेथी, शेपू, कोथिंबीर यांचे बी वरच्या तोंडावर फोकावे. भोकांतून ती नीट येत नाहीत. मिरचीचे एक आणि वांग्याचे एक झाड तोंडाच्या कडेस बसते. गोणपाटाचे पोते एका हंगामात कुजते. खताचे प्लॅस्टिकचे पोते घेतल्यास ते आधी चार-पाच पाण्यांनी धुवावे, आणि बाहेरून चुन्याचा हात द्यावा म्हणजे ते कमी तापते व उन्हाने लवकर तुटत नाही. असे एक पोते दिवसास सुमारे चार लिटर पाणी घेते. म्हणजे एका घागरीत तीन पोती. टंचाईच्या घरास एक वेल आणि तीन पोती, नळाच्या घरास तीन वेल आणि नऊ पोती, असा हा सरळ मेळ आहे. याहून मोठी बाग सुचविणाऱ्याने जास्तीचे पाणी कोठून येईल तेही सांगितले पाहिजे.

पुदिना, ओव्याची पाने, तुळस, गवती चहा, आले यांना एखादा फुटका माठ किंवा तेलाचा डबा पुरतो. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. एकदा लागली की ती सहसा जात नाहीत.

सांडपाण्याविषयी मात्र काटेकोरपणा हवा. धुण्याच्या सोड्याचे व पावडरीचे पाणी बागेस देऊ नये. त्यातील क्षाराने मातीचा पोत बिघडतो, आणि पोत्यातील थोड्या मातीत हा बिघाड लवकर होतो. स्नानाचे व भांड्यांचे पाणी खडी आणि वाळूच्या लहान खड्ड्यातून गाळून वेलाच्या मुळाशी सोडावे. जी पाने कच्ची खाल्ली जातात, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, कोवळी मेथी, त्यांना धान्य-भाजी धुतलेले स्वच्छ पाणीच द्यावे. पावसाळ्यात पोत्याखालच्या थाळ्यांत व टांगलेल्या बाटल्यांत पाणी साचू दिले, तर डेंग्यूचे डास तेथेच जन्मतात.

खेड्यात या बागेवर घेतले जाणारे आक्षेप हसण्यावारी नेऊ नयेत. वेल घराला लागला की साप-विंचू येतात, असे वृद्ध स्त्रिया सांगतात, आणि अडगळीच्या ओलाव्यात ते येतात हे खरेच आहे. पोती विटांवर किंवा दगडांवर उचलून ठेवावीत, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत आणि मांडवाचा पाया झाडून स्वच्छ राखावा. याने मातीच्या भिंतीस ओलही लागत नाही. दुसरा आक्षेप शेळ्यांचा. शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाच फुटांपर्यंतचे सहज खाते. परंतु शेळी हीच भूमिहीन घराची बँक आहे. तिला बांधून ठेवा असे सांगणारा कार्यकर्ता त्या घरी दुसऱ्यांदा ऐकला जाणार नाही. पोत्यांभोवती बाभळीची काटेरी फांदी आवळून बांधणे हा उपाय स्वस्त आणि पुरेसा आहे.

अलीकडे लोखंडी सांगाडे, प्लॅस्टिकचे मनोरे आणि पाण्यात विरघळलेल्या खतांवर चालणाऱ्या नळ्यांची यंत्रे बाजारात आली आहेत, आणि ती लाभार्थ्यांना वाटावीत अशा सूचनाही अधूनमधून होत असतात. शहरातील व्यापारी लागवडीत त्यांस स्थान असेल. ज्या गावात दिवसाचे काही तास वीज नसते तेथे पंपावर चालणारी बाग दोन दिवसांत वाळेल, आणि मोडलेला प्लॅस्टिकचा भाग तालुक्याच्या गावीही मिळणार नाही. तुराट्या, पोते, खडे आणि शेण यांपैकी एकही वस्तू विकत आणावी लागत नाही. वाटायचेच असेल तर चांगल्या जातीचे बी वाटावे.

सर्वांत अवघड प्रश्न राहिला तो ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील फार मोठा कष्टकरी वर्ग मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांवर जातो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततो. नवरा-बायकोचा एक कोयता. म्हणजे बाग राखणारी स्त्री भाजीच्या खऱ्या हंगामात, हिवाळ्यात, घरी नसतेच. २०२० साली ‘उमेद’ अभियानाने पोषण परसबागेची मोहीम पावसाळ्यात राबविली आणि कृषी सखींनी मोठ्या हौसेने कामे केली. अशा मोहिमा स्तुत्यच आहेत. परंतु जुलैमध्ये लावलेली परसबाग जुलैमध्येच मोजून तिची नोंद झाली, तर कुलूप लागलेल्या घरामागे डिसेंबरात ती वाळून गेलेली कोणाच्याही वहीत दिसत नाही.

अशा कुटुंबांसाठी आखणीच वेगळी हवी. पाऊस पडताच बी टोचावे आणि दसऱ्यापूर्वी संपेल एवढेच लावावे: एक दोडका, एक चवळी, आणि तीन आठवड्यांत निघणारी मेथी व राजगिरा दोन-तीन फेऱ्यांत. मागे आजी-आजोबा राहत असतील तर त्यांच्या हाताशी दोन पोती ठेवावीत, अधिक नाहीत. ज्या शाळांत स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, तेथे तर हिवाळाभर स्वयंपाकाचे आणि भांड्यांचे सांडपाणी रोज घागरींनी वाया जाते. उभ्या बागेसाठी जिल्ह्यात याहून योग्य जागा दुसरी नाही. कारखान्यावरील कोपीतही विचार करता येईल, पण सरसकट नव्हे. बैलगाडीवाल्यांचे गाडी सेंटर कारखान्याजवळ महिनोन्‌महिने एका ठिकाणी असते. तेथे कोपीच्या दाराशी मेथी-पालकाचे एक पोते निभावते. ट्रक-ट्रॅक्टरची टोळी फडाफडाने हलत असते. तिला पोते वाहावयास सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक मोळी देणे होय.

यावरून दोन सूचना निघतात. पहिली, परसबागांची मोजणी लावणीच्या महिन्यात न करता पौषात आणि वैशाखात करावी, आणि नोंदवहीत बाग किती फूट आहे या रकान्याऐवजी तिला कोणते पाणी किती घागरी मिळते हा रकाना असावा. दुसरी, अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातील खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांनी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या मार्गदर्शनाखाली एकच साधा प्रयोग घ्यावा: सपाट वाफा, मांडवाखालचे पोते आणि भिंतीवरचे डबे यांना सारखेच मोजून पाणी द्यावे, आणि एका घागरीस किती भाजी निघाली ती ऋतुवार तोलावी. वर दिलेले पाण्याचे आकडे हे ढोबळ गणित आहे. बीडच्या वैशाखात तोललेला आकडा त्याहून मोलाचा ठरेल, मग तो मांडवाच्या बाजूने लागो वा विरुद्ध.

बियाण्याची सोय घरीच होऊ शकते. वेलावर प्रथम आलेले फळ खाऊन टाकावे, आणि मधल्या बहरातील एक निकोप, भरदार फळ खूण म्हणून चिंधी बांधून राखावे. ते वेलावरच पूर्ण वाळू द्यावे. दोडक्याचे बी त्याच्याच जाळीदार कवचात वर्षभर सुरक्षित राहते. ते फळ तसेच चुलीच्या वर, धूर लागेल अशा ठिकाणी टांगून ठेवावे. ऊसतोडीहून परतणाऱ्या घरास जूनमध्ये बी शोधत हिंडावे लागत नाही.